जळलेली ड्रॉइंग्ज आणि उरलेली माणसं

"जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर कोणता?" हा प्रश्न व्हायव्हाला आला तर आपल्यापैकी दहापैकी नऊजण डोळे मिटून "एनिॲक" म्हणतील आणि एक्स्टर्नलही मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतील. शाळेच्या पुस्तकात तेच होतं, फर्स्ट इयरच्या नोट्समध्येही तेच. एनिॲक अमेरिकेत तयार झाला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आला. पण त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क नावाच्या ठिकाणी एक इलेक्ट्रॉनिक यंत्र कामाला लागलं होतं. त्याचं नाव कोलोसस. ते एनिॲकसारखं सर्व प्रकारची गणितं करणारं नव्हतं, एकाच कामासाठी बनवलेलं होतं. पण इलेक्ट्रॉनिक होतं, डिजिटल होतं, आणि स्विच व प्लग बदलून त्याला वेगवेगळी कामं लावता येत होती. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं चालू होती!

मग ते आपल्या पुस्तकात का नव्हतं? कारण ते कोणालाही कळू द्यायचं नव्हतं. युद्धानंतर यंत्रं मोडली, ड्रॉइंग्ज जाळली आणि ज्यांनी ती बनवली त्यांना तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. आज कोलोससबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं काही म्हाताऱ्या माणसांनी आठवून सांगितलं म्हणून माहीत आहे.

खरं तर या लेखाचा विषय कोलोसस नाही, ती म्हातारी माणसं आहेत. गुप्त संदेश फोडणारे, हेरगिरी करणारे, शत्रूच्या मुलखात उतरून काम करणारे कमांडो. यांचं कामच असं, की मागे कागद ठेवायचा नाही. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री सुद्धा फाइलच्या तीन कॉपीज करून ठेवतो. यांच्या आयुष्याची मात्र एकच कॉपी असते, आणि ती असते ऐंशी-नव्वद वर्षांच्या मेंदूत. ती उतरवून कशी घ्यायची, हा मला पडलेला प्रश्न.

आधी थोडं टेक्निकल

जर्मनांचं एनिग्मा मशीन सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत झालंय. पण हिटलरचं मुख्यालय आणि मोठे सेनापती यांच्यातले संदेश लोरेन्झ नावाच्या दुसऱ्याच मशीनमधून जात असत. ब्रिटिशांनी त्याला 'टनी' असं एका माशाचं टोपणनाव दिलं होतं. टेलिप्रिंटरवर प्रत्येक अक्षर पाच बिट्सचं असतं. लोरेन्झची बारा चाकं फिरत फिरत एक 'की' तयार करायची आणि ती संदेशात मिसळायची. मिसळायची म्हणजे काय, तर आपलं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधलं एक्स-ऑर! पलीकडे तीच की पुन्हा एक्स-ऑर केली की मूळ संदेश हजर.

३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन ऑपरेटरने अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडच्याला तो नीट मिळाला नाही, म्हणून त्याने तोच संदेश त्याच सेटिंगवर परत पाठवला, आणि दुसऱ्यांदा टाइप करायचा कंटाळा करून काही शब्द छोटे केले. इथेच घोळ झाला. दोन्ही संदेश एकमेकांशी एक्स-ऑर केले की की कटून जाते आणि उरतात फक्त दोन मूळ संदेश, एकमेकांत मिसळलेले. जॉन टिल्टमन यांनी ते हाताने सोडवले आणि त्यातून की वेगळी काढली. मग केमिस्ट्री शिकलेल्या बिल टट या चोवीस वर्षांच्या मुलाने नुसत्या त्या कीवरून, मशीन एकदाही न बघता, बारा चाकांची सगळी रचना शोधून काढली. आपल्या वयापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा!

तरी प्रत्येक संदेशासाठी चाकांची सुरुवातीची स्थिती शोधणं बाकी होतं, आणि ते हाताने करत बसलं तर फार वेळ जायचा. तिथे आले टॉमी फ्लॉवर्स. ते लंडनच्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट ऑफिस रिसर्च स्टेशनमधले टेलिफोन एक्स्चेंजचे इंजिनिअर. त्यांनी सुमारे १,६०० व्हॉल्व्हचं यंत्र सुचवलं. व्हॉल्व्ह सारखे उडतात, एवढे एकत्र कसे चालतील, अशी शंका बऱ्याच जणांनी काढली. फ्लॉवर्सना अनुभवाने माहीत होतं, की व्हॉल्व्ह चालू-बंद केले तर उडतात. कायम चालू ठेवले तर टिकतात. म्हणून कोलोसस बंदच करायचं नाही असं ठरलं. कागदी टेप सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगाने फोटोसेलसमोरून धावायची. सुमारे २,४०० व्हॉल्व्हचं सुधारित मॉडेल १ जून १९४४ ला सुरू झालं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्याच्या फक्त पाच दिवस आधी.

"कोणालाही सांगायचं नाही"

युद्ध संपलं. दहापैकी आठ कोलोसस मोडून टाकण्यात आली. दोन सरकारी गुप्त खात्याने ठेवून घेतली, तीही १९६० च्या सुमारास गेली. त्याच १९६० मध्ये फ्लॉवर्सना हुकूम आला, की उरलेले कागद नष्ट करा. त्यांनी कोलोससची ड्रॉइंग्ज स्वतःच्या हाताने बॉयलरच्या भट्टीत टाकली आणि जळताना पाहिली. स्वतः काढलेली शीट नुसती सरांनी रिजेक्ट केली तरी आपल्याला काय वाटतं, ते आठवून बघा.

पुढे फ्लॉवर्सना ना कोणाला काही सांगता आलं, ना कोणाला काही दाखवता आलं. तिकडे अमेरिकेतल्या एनिॲकचं नाव झालं आणि तेच पुस्तकांत छापलं गेलं. १९९३ साली, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात असताना, फ्लॉवर्सनी हेंडन कॉलेजमधून पर्सनल कॉम्प्युटरवरच्या प्राथमिक कोर्सचं सर्टिफिकेट मिळवलं. तिथल्या वर्गातल्या इतरांना आपल्या शेजारी कोण बसलंय याची कल्पना होती का, असा विचार माझ्या मनात राहून राहून येतो.

ब्लेचली पार्कमध्ये युद्धाच्या शेवटी सुमारे नऊ हजार माणसं काम करत होती. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, आणि पुष्कळशा अठरा-वीस वर्षांच्या मुली. कोलोसस चालवायचं कामही नौदलाच्या महिला दलातल्या मुलींकडे होतं. प्रत्येकीला फक्त आपल्यापुरतं काम माहीत. शेजारच्या खोलीत काय चालतं हे विचारायचं नाही. युद्धानंतर घरी गेल्यावर आईवडिलांना, नवऱ्याला, मुलांना काही सांगायचं नाही. १९७४ मध्ये एफ. डब्ल्यू. विंटरबॉथम यांचं 'द अल्ट्रा सीक्रेट' हे पुस्तक आलं तेव्हा हे गुपित पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाहेर पडलं. १९७५ मध्ये सरकारने कोलोससचे काही फोटो खुले केले आणि त्यानंतर ब्रायन रँडेल या प्राध्यापकांनी जुन्या इंजिनिअर्सना भेटून, विचारून या यंत्राची पहिली नीट हकीकत मांडली. म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत किती आईवडील आपल्या मुलीने युद्धात काय केलं हे न कळताच गेले असतील!

निरोपाची पार्टी आणि आठ फोटो

१९९१ मध्ये ब्लेचली पार्कच्या इमारती पाडून तिथे घरं वगैरे बांधायचं घाटत होतं. तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाने विचार केला, की पाडायच्या आधी निदान जुन्या लोकांना बोलावून एक निरोपाची पार्टी करू. ऑक्टोबरमध्ये ती झाली आणि सुमारे चारशे जण आले. सगळे एकत्र आले आणि बोलायला लागले. एकीला टेपचं माहीत, दुसऱ्याला रेडिओचं, तिसऱ्याला भाषांतराचं. तुकडे जुळायला लागले तसं मंडळाच्या लक्षात आलं, की आपण निरोप देतोय ती जागा पाडून चालणार नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये ब्लेचली पार्क ट्रस्ट स्थापन झाला आणि जागा वाचली. ती वाचली ती म्हाताऱ्यांच्या गप्पांमुळे, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

या मोहिमेत टोनी सेल नावाचे एक इंजिनिअर होते. १९९३ मध्ये त्यांनी ठरवलं, की कोलोसस परत बांधायचं. हातात काय होतं? १९४५ मध्ये काढलेले आठ फोटो आणि काही जुन्या इंजिनिअर्सनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले सर्किट डायग्रामचे तुकडे. बस्स. सेल यांनी फोटोंच्या पर्स्पेक्टिव्हवरून मापं काढत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग्ज तयार केली. पण फोटोत टेप रीडरच्या आतलं ऑप्टिक्स कसं दिसणार? नशिबाने मूळ रीडर डिझाइन करणारे डॉ. अरनॉल्ड लिंच तेव्हा हयात होते. पन्नास वर्षांपूर्वीचं स्वतःचं डिझाइन त्यांनी परत उभं करून दिलं. फ्लॉवर्सच्या टीममधल्या इतर जुन्या मंडळींनीही मदत केली. जुन्या पद्धतीची टेलिफोन एक्स्चेंज त्या वेळी मोडीत निघत होती, त्यांतून पार्ट्स मिळाले. ६ जून १९९६ ला परत बांधलेलं कोलोसस सुरू झालं, आणि समोर स्वतः टॉमी फ्लॉवर्स हजर होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, ते वारले. लिंच २००४ मध्ये गेले.

इथे तारखा नीट बघा. सेल यांनी हे काम दहा-बारा वर्षं उशिरा सुरू केलं असतं तर विचारायला कोणीच नव्हतं. युद्धकाळात लिहिलेला या विभागाचा मोठा तांत्रिक अहवाल सरकारने २००० साली खुला केला. तोपर्यंत फ्लॉवर्स जाऊन दोन वर्षं झाली होती. सरकार आपल्या वेळेने कागद खुले करतं. माणसाचं शरीर तेवढं थांबत नाही.

आज हे यंत्र ब्लेचली पार्कमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये बघायला मिळतं. आणि ती अठरा-वीस वर्षांच्या मुलींची पिढी? १९४१ मध्ये अठराव्या वर्षी तिथे कामाला लागलेल्या बेटी वेब यांनी पुढे अनेक वर्षं शाळाशाळांतून जाऊन आठवणी सांगितल्या. मार्च २०२५ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी त्या गेल्या. ही पिढी आता जवळजवळ संपली.

आठवण चुकते तेव्हा

आता कोणीही म्हणेल, की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर एवढा विश्वास कसा ठेवायचा? प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला जास्त मान दिला तो उगीच नाही. बखर पुष्कळदा सांगोवांगीवर लिहिलेली असते. पण ज्या कामाचा कागदच नाही तिथे काय करायचं? याचं उत्तर मला नूर इनायत खान यांच्या हकीकतीत सापडलं.

नूर यांचे वडील इनायत खान मूळचे बडोद्याचे, संगीतकार आणि सूफी उपदेशक. घराणं टिपू सुलतानच्या वंशातलं. नूर वाढल्या पॅरिसमध्ये. ब्रिटनने जुलै १९४० मध्ये शत्रूच्या ताब्यातल्या देशांत घातपात आणि हेरगिरी करण्यासाठी एस.ओ.ई. ही संघटना काढली होती. तिने जून १९४३ मध्ये नूरना वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरवलं. तिथे पाठवलेल्या त्या पहिल्या महिला वायरलेस ऑपरेटर. ऑक्टोबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि मग त्यांचा पत्ताच लागला नाही.

युद्ध संपल्यावर एस.ओ.ई.च्या फ्रान्स विभागातल्या अधिकारी व्हेरा ॲटकिन्स स्वतः जर्मनीत गेल्या. आपण पाठवलेली आणि परत न आलेली माणसं शोधण्यासाठी त्यांनी तुरुंगाचे पहारेकरी, छळछावण्यांतून वाचलेले कैदी, पकडलेले जर्मन अधिकारी यांना गाठून प्रश्न विचारले. नाट्झवायलर छावणीत जुलै १९४४ मध्ये चार स्त्रियांना मारल्याचं साक्षीदारांनी सांगितलं होतं. त्यांनी केलेल्या वर्णनावरून चौथी स्त्री नूर असावी असा ॲटकिन्सचा निष्कर्ष झाला. मात्र पुढे वेगळ्या ठिकाणच्या साक्षी मिळाल्या. नूर त्या काळात फोर्त्सहाइमच्या तुरुंगात साखळदंडात होत्या, असं कळलं. मग १९४७ मध्ये नोंद दुरुस्त झाली: नूरना १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ इथे गोळी घालण्यात आली होती. नाट्झवायलरची चौथी स्त्री होती सोन्या ओल्शानेत्स्की. तिची भरती फ्रान्समध्येच झाल्यामुळे लंडनच्या ऑफिसला ती माहीतच नव्हती.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. एकाच्या आठवणीवरून चुकीचं उत्तर निघालं आणि तीन-चार जणांच्या आठवणी एकमेकींवर ठेवून पाहिल्यावर बरोबर उत्तर निघालं. आपण प्रॅक्टिकलला एकच रीडिंग घेऊन थांबतो का? पाच घेतो, ग्राफ काढतो, एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर परत घेतो. आठवणींचंही तसंच. आणि हे सगळं करता आलं ते ॲटकिन्स युद्ध संपताक्षणी निघाल्या म्हणून. एस.ओ.ई.च्या फाइल्सपैकी बहुतेक नंतर नष्ट झाल्या. काही छाटणीत गेल्या, काही आगीत.

आपल्याकडे

हे सगळं इंग्लंड-फ्रान्सचं झालं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. ब्लेचली पार्कची एक शाखा दिल्लीत होती. आनंद पर्बतवर, रामजस कॉलेजच्या इमारतीत. तिचं नाव 'वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर', आणि काम जपानी संदेश ऐकणं आणि फोडणं. तिथे भारतीय माणसंही कामाला होती.

जवळचं उदाहरण आणखी वेगळं आहे. १९७१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात असलेल्या पाकिस्तानी पाणबुडीवरून काही बंगाली नौसैनिक पळाले आणि त्यातले आठजण भारतात पोहोचले. त्यांच्यापासून सुरुवात करून भारतीय नौदलाने पलाशीजवळच्या एका गुप्त कॅम्पमध्ये चारशेहून जास्त बंगाली तरुणांना पोहत जाऊन जहाजांना सुरुंग लावायला शिकवलं. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी स्फोट झाले. हल्ल्याचा इशारा कसा दिला, माहितेय? आकाशवाणी कलकत्त्यावरून ठरावीक दोन बंगाली गाणी लावून!

या गुप्त मोहिमेचे एक सूत्रधार होते कॅप्टन मोहन सामंत. आपले मराठी, 'आयएनएस करंज' पाणबुडीचे पहिले कमांडर. डिसेंबर १९७१ मध्ये 'पद्मा', 'पलाश' आणि आपल्या पनवेलचं नाव असलेली 'आयएनएस पनवेल' अशा छोट्या बोटी घेऊन ते शत्रूच्या नद्यांत शिरले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी ओळखण्यात चूक करून 'पद्मा' आणि 'पलाश' बुडवल्या, तरी त्यांनी मोहीम सोडली नाही. त्यांना महावीर चक्र मिळालं. पण मोहीम गुप्त, त्यामुळे पूर्ण हकीकत कित्येक वर्षं कुठे आली नाही. शेवटी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनी 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक लिहिलं. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, पुस्तक हातात पडायच्या आधीच, कॅप्टन सामंत गेले. थोडक्यात वाचलं, दुसरं काय!

दुसऱ्या बाजूला, २०१० मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली होती, की १९७१ मधल्या मुक्तिवाहिनीला दिलेल्या मदतीसंबंधीच्या पूर्व विभागाच्या फाइल्स युद्धानंतर लगेच नष्ट केल्या गेल्या. म्हणजे आपल्याकडेही भट्टी पेटलीच होती. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या करायचं धोरण जाहीर केलं, ही चांगली गोष्ट आहे. पण जे कागद नाहीतच ते खुले कसे होणार? १९७१ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला जवान आज ऐंशीच्या आसपास आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, कोकण इथल्या कितीतरी गावांत असे आजोबा आहेत.

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. पण त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं किती आहे? अगदी थोडं. त्यातला एक महत्त्वाचा उल्लेख कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे, आणि ती बखर सभासदाने म्हातारपणी जिंजीला बसून लिहिली, कारण राजाराम महाराजांनी त्याला लिहायला सांगितलं. कोणीतरी वेळेवर विचारलं. बाकीचे बहिर्जी गोष्टींत गेले.

मग करायचं काय?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'मौखिक इतिहास' हा शब्द मला पहिल्यांदा जरा जडच वाटला होता, 'ओरल हिस्टरी' म्हटल्यावर पटकन कळलं. नाव काहीही द्या, जगभर हे काम पद्धतशीर चालतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये त्यासाठी वेगळा विभाग सुरू केला. अमेरिकेत संसदेने २००० साली कायदा करून सैनिकांच्या आठवणी जमवायचा प्रकल्प काढला. त्यात कॉलेजची मुलंही मुलाखती घेऊ शकतात. अट एवढीच, की मुलाखत निदान अर्ध्या तासाची हवी आणि एडिट केलेली नको. हे सगळं वाचून, आणि थोडं स्वतः करून, मला उपयोगी वाटलेल्या गोष्टी अशा:

१. मोठा प्रश्न नको, छोटा विचारा. आमच्या सोसायटीत एक आजोबा आहेत, १९७१ मध्ये सिग्नल्समध्ये होते. "आजोबा, युद्ध कसं होतं?" याला उत्तर चार वाक्यांचं, पेपरात छापल्यासारखं. मग मी विचारलं, "सेटची बॅटरी किती वेळ चालायची?" तर म्हणाले, "अगं, तीच तर पंचाईत होती!" आणि चाळीस मिनिटं बोलत होते. बॅटरी कोण उचलायचं, पावसात ती कशात गुंडाळायची, चार्जिंगच्या जनरेटरचा आवाज दाबायला काय करायचे. हे कुठल्याच पुस्तकात नाही. आपण इंजिनिअरिंगवाले हे प्रश्न चांगले विचारू शकतो. ब्लेचलीतल्या मुलींनाही संदेशात काय होतं ते माहीत नव्हतं, पण टेपची टोकं गोंदाने कशी चिकटवायची हे पक्कं आठवत होतं, आणि यंत्र परत चालवताना नेमकं तेच लागतं.

२. वस्तू समोर ठेवा. जुना फोटो, नकाशा, पे-बुक, पदक. हातात काही असलं की आठवण लवकर येते.

३. परवानगी आणि मर्यादा. आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आजही लागू आहे. शिवाय २०२१ च्या पेन्शन नियमांप्रमाणे गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामाबद्दल काही प्रसिद्ध करायच्या आधी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: जे सांगायचं नाही ते सांगू नका. नेटवर टाकायचं की घरीच ठेवायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि तसं लिहून घ्यायचं.

४. शांत राहायला शिका. काही आठवणी दुखऱ्या असतात. सोबती गेलेले असतात. ते थांबले तर आपणही थांबायचं. पाणी द्यायचं. पुढचा प्रश्न लगेच रेटायचा नाही. थकले तर उरलेलं दुसऱ्या दिवशी.

५. रेकॉर्डिंग नीट करा. थोडं गणित: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनेल म्हणजे सेकंदाला ४८,००० × २४ = ११,५२,००० बिट्स, म्हणजे १,४४,००० बाइट्स. तासाला सुमारे ५१८ एमबी. दोन तासांची मुलाखत साधारण एक जीबी. १२८ केबीपीएसची एमपीथ्री तासाला सुमारे ५८ एमबी होते, म्हणजे नऊपट लहान, पण त्यात काढून टाकलेला आवाज परत येत नाही. म्हाताऱ्या माणसाचा आवाज आधीच बारीक असतो. तेव्हा मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवा आणि पाठवायला वेगळी एमपीथ्री करा. पंखा बंद, माइक जवळ, मोबाइल एअरप्लेन मोडवर.

६. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल बिघडली का ते कळेल. फाइलच्या नावातच तारीख आणि जागा हवी. 'न्यू रेकॉर्डिंग ७' असं नाव असलेली मुलाखत हरवल्यातच जमा!

७. शब्द न् शब्द उतरवा, आणि ताडून बघा. तारखा, गावं, युनिटची नावं वेगळी काढा. दुसऱ्या कोणाची आठवण किंवा छापील माहिती जुळते का बघा. जुळली नाही तरी मूळ वाक्य खोडू नका, बाजूला टीप लिहा. नूर इनायत खान यांची नोंद दुरुस्त झाली ती आधीच्या साक्षी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच.

यातल्या एकाही गोष्टीला लॅबची परवानगी, फंडिंग किंवा स्पॉन्सर लागत नाही. एक फोन, एक चांगला माइक आणि दोन दुपारी. आपण फायनल इयरला कसले कसले प्रोजेक्ट करतो, आणि त्यातले निम्मे सबमिशननंतर कपाटात जातात. या मुलाखतींचं तसं होणार नाही, कारण त्या ज्याच्या घरच्या आहेत ते लोक त्या जपतील.

आमच्या सिग्नलवाल्या आजोबांची आतापर्यंत साडेतीन तासांची रेकॉर्डिंग्ज झाली आहेत. त्यांच्या सुनेने पहिला भाग ऐकला आणि म्हणाली, की लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. अजून ॲंटेनाचा विषय राहिलाय. तो पुढच्या रविवारी.

तर मित्र-मैत्रिणींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा बॅगेत माइक टाका. आणि पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारा.